बामणोलीपर्यंत

आमच्या घरातली भांडी चालायची. यार्डातून मालगाडी निघाली की फळीवरचे पितळी डबे थरथरत इंचभर पुढं सरकायचे, आणि सकाळी उठल्यावर आईचं पहिलं काम म्हणजे ते सगळे परत भिंतीकडं ढकलणं. सांगलीजवळच्या जंक्शनचं ते गाव. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. रेल्वेच्या क्वार्टरची दीड खोली, पुढं सगळ्या चाळीत मिळून एक नळ, आणि मागं परसात चार मिरच्यांची झाडं संपली की थेट रूळ. वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची कणी बसायची, ती झटकून घालायची सवय मला इतकी होती की लग्नानंतरसुद्धा बरीच वर्षं मी सदरा घालण्याआधी दोनदा झटकायचो आणि बायको हसायची.

आबा, म्हणजे माझे वडील, इंजिन ड्रायव्हर होते. ड्यूटीवरून आले की नळावर जाऊन कोपरापर्यंत हात घासायचे, तरी नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. भट्टीच्या तोंडाशी फावड्यावर वांगी भाजायची त्यांची पद्धत होती. ती वांगी धोतराच्या फडक्यात बांधून घरी आणायचे आणि आई त्यात कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची ठेचून भरीत करायची. ज्वारीची भाकरी आणि ते भरीत. दगडी कोळशाचा एक उग्र वास त्याला असायचा. पुढं चुलीवर, गॅसवर, शेगडीवर कितीदा केलं, पण तो वास काही आला नाही. आबा जेवताना बोलत नसत. मुळात आबा फार बोलतच नसत. ते इंजिनावर ओरडतात, सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारतात, हे मला चाळीतल्या इतरांकडून कळलं होतं आणि ते खरं वाटत नव्हतं.

मी थोरला. माझ्यामागं दोन बहिणी. मी मोठेपणी कोण होणार हे घरात कधी कुणी कुणाला विचारलं नाही. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, ही शिडी जन्मल्याबरोबर माझ्या पाळण्याला टेकवून ठेवलेली होती आणि मला तीच चढायची होती. रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे हे मी ओळखायचो. मॅट्रिक झालो ते केवळ आबांनी अट घातली म्हणून.

घरात एकाच माणसाचं नाव काढायचं नसे, ते म्हणजे शंकरमामाचं. आईचा पाठचा भाऊ. मी सहा-सात वर्षांचा असेपर्यंत तो आमच्याच घरात राहायचा आणि आबांच्याच इंजिनावर फायरमन होता. मला आठवतं ते एवढंच, की तो डावखुरा होता आणि मला खांद्यावर बसवून इंजिन फिरवायची चकती बघायला न्यायचा. बाकीचं सांगितलेलं. ड्यूटीवर दारू पिऊन गेला, तांबडा सिग्नल हिरवा म्हणून सांगितला, आणि एका लहान स्टेशनच्या अलीकडं रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला एक माणूस इंजिनाखाली गेला. मामाची नोकरी गेली, तुरुंग झाला. आबांना काही वर्षं खालच्या कामावर टाकलं. सुटल्यावर मामा घरी आलाच नाही. आई म्हणायची, "आला आसता तर दारात उबा केला नसता." भाऊबीजेला मात्र ती अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी, आणि मग भराभरा आत येऊन कुठल्या तरी कामाला लागायची.

माझी क्लीनरसाठी तपासणी झाली. छाती, वजन, दात, सगळं ठीक. मग डॉक्टरांनी एक पुस्तक पुढं केलं. पानभर रंगीत ठिपके. "यात आकडा कोणता दिसतो?" मला ठिपके दिसत होते, आकडा दिसत नव्हता. त्यांनी पान उलटलं. पुन्हा नाही. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन समोर दिवा दाखवला आणि रंग सांगायला सांगितलं. मी सांगत गेलो. हिरवा, तांबडा, तांबडा, हिरवा. थोड्या वेळानं ते काही लिहीनासे झाले. दार उघडून त्यांनी मला उजेडात आणलं. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "बाळ, यात तुझी काही चूक नाही. तुला तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही. हे जन्मापासून असतं. आईच्या घराकडून येतं. मामा आहे का तुला?"

"आहे."

"त्याला विचार. त्यालाही असेल."

परसातल्या मिरच्या तोडायला गेलो की मी हिरव्या सांगितल्या तर पिकलेल्या आणायचो आणि आई म्हणायची, "डोळं फुटलं का काय रं तुजं?" बहिणी हसायच्या, मीही हसायचो. तो हसण्याचा विषय असा एकदम संपला.

घरी येऊन सांगितलं. आई चिडली, डॉक्टरवर. "पोराचं डोळं धडधाकट हायती! सुईत दोरा ववतंय त्ये मला!" आबा नुसतं "बरं" म्हणाले, डबा उचलला आणि ड्यूटीवर गेले. मला वाटलं होतं ते ओरडतील, डॉक्टरांना भेटायला जातील. त्या "बरं"नं मी जास्त खचलो. नंतरचे पंधरा-वीस दिवस मी खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून काढले. शिट्टी झाली की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. आईकडून हे आलंय, एवढं एक वाक्य मी घरात सांगितलं नव्हतं.

त्या पडून राहण्यातच एक दिवस ध्यानात आलं, की शंकरमामा दारू प्यालेला नव्हता. त्याला दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं ज्याला दारुडा म्हणून घराबाहेर ठेवलं, तो निर्दोष होता आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसणार. हे जाऊन त्याला सांगायचं. आज मागं वळून बघताना त्यातला माझा स्वार्थही दिसतो. माझं नापास होणं कुणाच्या तरी उपयोगी पडावं, जगात एका तरी माणसाला त्याचा आनंद व्हावा, ही ती धडपड होती.

मामा कुठं आहे हे शेडमधल्या एका क्लीनरनं मागं सांगितलं होतं. तो सोयरिकीच्या कामाला जावळीत गेला असताना कोयनेच्या नव्या तलावावर, बामणोलीला, मामाला होडी वल्हवताना त्यानं पाहिलं होतं. आईला मी सांगितलं, साताऱ्याला एका ठिकाणी नोकरीची चौकशी करून येतो. आबांची काळी, अंगापेक्षा जड सायकल घेतली. रेल्वेचा पास होता, पण गाडीत बसवेना. चार भाकरी, शेंगाची चटणी, एक चादर. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

सायकलवरून एकट्यानं डोंगरात, तलावाकाठी भटकायला जाणारी तरुण मुलं आता मी बघतो. पाठीवर रंगीत पिशव्या, डोक्याला टोप. छान दिसतात. माझा तो प्रवास तसा नव्हता. मी बघत काहीच नव्हतो. आष्टा, इस्लामपूर, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसाच्या वर गुऱ्हाळांचा धूर. एका गुऱ्हाळावर पाणी मागितलं तर तिथल्या म्हाताऱ्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी दिली आणि विचारलं, "कुटं निगाला गड्या येकलाच?" मी म्हटलं, मामाकडं. "मंग तोंड आसं का केलंयस? मामाकडं जाताना पोरं गानी म्हनत जात्यात." कऱ्हाडला नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर झोपलो. दुसऱ्या दिवशी सातारा आलं तोवर मांड्या दगड झाल्या होत्या. स्टँडच्या बाकावर रात्र काढली.

तिसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट. तो चढायचा म्हणजे सायकलनं मला न्यायचं नव्हे, मीच सायकलीला न्यायचं. वर आल्यावर पठार. झाड नाही, घर नाही, नुसता कातळ आणि त्यावर सुकून आडवं झालेलं गवत. वारा असा, की सायकल सरळ धरवत नव्हती. त्याच कासच्या पठारावर आता लोक तिकीट काढून फुलं बघायला जातात. मलाही मुलीनं एकदा नेलं. सगळे "केवढा रंग, केवढा रंग" म्हणत होते, मीही म्हणालो. तिच्या मुलालाही माझंच आहे. तो संगणकावर काम करतो, त्याचं काही अडत नाही, चेष्टेनं सांगतो सगळ्यांना. मला मात्र तो सांगायला लागला की उठून बाहेर जावंसं वाटतं.

कासचा तलाव मागं टाकला आणि उतार लागला. लाल मातीची, दगडगोट्यांची वाट. ब्रेक दाबून दाबून मनगटं बधिर झाली, शेवटी उतरून चालायला लागलो. एका वळणावर खाली कोयनेचं पाणी दिसलं. डोंगरांच्या मधल्या सगळ्या घळी भरून टाकलेलं, हलत नसलेलं, अफाट पाणी. काठाजवळ बुडालेल्या झाडांचे वाळलेले शेंडे वर आले होते. ते बघून जीव निवला वगैरे काही झालं नाही. एवढं सगळं बुडवून इतकं गप्प कसं राहता येतं, असं मनात आलं आणि मला परत फिरावंसं वाटलं.

पाण्याकडेला गवतानं शाकारलेली आठ-दहा घरं होती. एका होडीच्या फटीत एक माणूस डांबर भरत होता. डाव्या हातानं. मी काही बोलायच्या आत त्यानं वर बघितलं.

"आक्काचा सदा न्हवं तू?"

"तुम्ही कसं ओळखलं?"

"नाक आक्काचं हाय." त्यानं हात पुसले. चेहरा उजळला नाही, उलट सावध झाला. "कोन गेलं का?"

"नाही, सगळे बरे आहेत."

"मग आलास कशाला?"

एवढ्यात घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीच्या आतलीच, कपाळ मोकळं. मामानं तिला एवढंच सांगितलं, "माजा भाचा." तिनं पाट मांडला. नाचणीची भाकरी, तळ्यातला मासा तिखटात शिजवलेला, आणि भाजलेला कांदा असं वाढलं. मी जेवत असताना ती दारातून पाण्याकडं बोट करून म्हणाली, "आमचं जुनं घर तितं. त्या शेंड्याच्या खाली. चुलीसकट हाय अजून." ती हे माहिती सांगावी तसं सांगत होती. तिचा नवरा जुनं गाव उठलं त्याच वर्षी गेला होता. मामा धरणावर मातीकामाला आला आणि मागं राहिला.

जेवण झाल्यावर मामा म्हणाला, "चल, होडीत बस. काय बोलायचं त्ये पान्यावर बोल."

काठ बराच मागं पडल्यावर मी सुरुवात केली. डॉक्टर, ठिपके, दिवा, आईच्या घराकडून येतं, सगळं एका दमात सांगितलं. "मामा, तुमची चूक नव्हती. तुम्हाला दिसलंच नव्हतं. तुम्ही दारू प्यालेले नव्हतात, हे मी घरी सांगतो. तुम्ही चला माझ्याबरोबर."

वल्ही चालूच होती.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय?"

"डोळ्याचं. ल्हानपनापासनं ठाव हाय."

"मग तपासणीत कसे पास झालात?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. सांगावं की नाही याचा तो अंदाज घेत असावा. "माज्या नावावर दाजी गेलं तपासनीला. तुजा बाप. लढाईचं दिवस हुतं, मानसं पायजे हुती, कोन आलंय त्ये कोन बगत नव्हतं. आक्कानं धोसरा लावला हुता, माज्या भावाला चिकटवा म्हनून. तिला ह्यातलं कायबी ठाव न्हाई."

तो सांगत राहिला, वल्ह्याच्या तालावर, थांबत थांबत.

"म्या कायम दाजींच्याच इंजनावर. दाजींनी सिग्नल बगून वरडायचं, म्या त्येंच्या मागनं त्येच वरडायचं. कैक वर्सं चाललं, कवा चूक न्हाई. त्या दिशी दिवेलागणीला बायलरातलं पानी दावनारी काच फुटली. सगळी वाफ आंगावर. दाजी वाकलं हुतं वाफेचा कॉक बंद कराया. तितनंच वरडलं, शंकऱ्या, सिग्नल काय हाय? म्या म्हनलं, हिरवा."

"तुम्हाला हिरवा वाटला?"

"वाटायचं काय त्येच्यात? दिवा दिसला. कायतरी म्हनायला पायजे हुतं."

होडी आता नुसती वाहत होती. मी विचारलं, "आणि दारू?"

"थेंब घेतला न्हाई आजतागायत. दारूचं म्याच सुचवलं दाजींना. खरं सांगितलं आसतं तर तपासनीचं निगालं आसतं. दोगंबी आत. मग आक्का आन तुमी पोरं कुटं जानार? येकटा दारुडा आत गेलेला बरा."

"पण मामा, तरीही तुमची चूक..."

"त्यो मेला त्येचं नाव ठाव हाय तुला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं नाव सांगितलं. ते नाव मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. "त्येचीबी दोन पोरं हुती. तू तीन दिस सायकल हाणत आलास, मामा तुजी चूक न्हाई म्हनायला. त्येच्या बायकूला जाऊन सांग. ती काय म्हनती बग."

मी वल्ह्यावरून गळणारं पाणी बघत बसलो. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "आबांना ठाऊक होतं तर मला तपासणीला पाठवलं कशाला?"

"तुला ल्हानपनीच वळखलं आसंल त्येंनी. पर आस आसती मानसाला. वाटलं आसंल, पोराचं यवडं न्हाई."

"माझ्या नावावर जायला कुणी नव्हतं."

"आसतं तर गेला आसतास इंजनावर?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर हो होतं. इतकं ऐकल्यावरसुद्धा, त्या क्षणी, हो होतं. हे आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. मामाला ते माझ्या गप्प राहण्यातून कळलं असावं, कारण त्यानं होडी वळवली आणि काठ येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

काठाला लागल्यावर म्हणाला, "आक्काला सांगू नगंस. आत्ता ती माज्यावर रागावून का हुईना, नीट जगती. ह्ये कळलं तर नवऱ्याच्या ताटात भाकरी कशी वाढंल ती? मी भेटलोच न्हाई म्हन."

"तुम्ही एकदा तरी..."

"न्हाई." मग सायकलीकडं बघून, "सायकलीचं मागलं चाक डुगडुगतंय. सातारला दावून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. त्या बाईनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मामा पलीकडच्या काठावर उतारू सोडायला गेला होता, की मुद्दाम गेला होता, कळलं नाही. चढावर सायकल ढकलताना मी दोनदा मागं बघितलं. पाण्यावर बऱ्याच होड्या होत्या, त्यातली त्याची कुठली ते ओळखू येईना. पुढं मी बामणोलीला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. त्यालाही लिहिता येत नव्हतं आणि तिलाही, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. पुन्हा गेलो नाही. जाता आलं असतं.

परतीची वाट मी कशी काढली ते मला सांगता येत नाही. जाताना एक गोष्ट सांगायची होती, म्हणून पाय चालत होते. येताना एक गोष्ट सांगायची नव्हती. ती ओझ्यासारखी कॅरियरवर बांधली असती तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. कऱ्हाडच्या पुढं एका मोरीवर बसून मी बराच वेळ रडलो. कुणासाठी ते नक्की ठरवता आलं नाही. माझ्यासाठी म्हणावं तर त्या माणसाची दोन पोरं डोळ्यांपुढं यायची, त्यांची तोंडं मी कधी बघितली नव्हती तरी.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ड्यूटीवर जायच्या आधीचं जेवत होते. आईनं मला बघितलं आणि ताट मांडलं.

"वाळून कोळ झालास की रं. लागलं का काय काम सातारला?"

"नाही."

"मंग पाच-सा दिस कुटं ऱ्हायलास? तिकडं कोन हाय आपलं?"

आबांचा घास हातातच राहिला. पाच-सहा दिवस, सायकल, लाल मातीनं माखलेले माझे पाय. त्यांना विचारायची गरज नव्हती.

"कुणी नाही," मी म्हणालो.

आबा जेवून उठले, हात धुतले, कोट चढवला. आई आत ताक घुसळत होती. ते माझ्याजवळून जाताना थांबले आणि रुळांकडं बघत हळूच म्हणाले, "बरा हाय न्हवं?"

"आहे."

"बरं."

आमच्या दोघांत त्या विषयावर झालेलं बोलणं आयुष्यात एवढंच. ते पायरी उतरले. आई हात पुसत बाहेर आली. "काय म्हनत हुतं ह्ये?"

"पाणी मागत होते."

"आन तसंच गेलं व्हय? आन तू बसून ऱ्हायलास?" तिनं रांजणातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "जा पळ, तहानेलं मानूस गेलं."

मी पळालो. नळाची रांग ओलांडून, फाटकापाशी त्यांना गाठलं. आई दारात उभी होती, ते त्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. मी तांब्या पुढं केला. नुकतेच पोटभर जेवून, पाणी पिऊन ते निघालेले. त्यांनी तांब्या घेतला आणि एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत, सगळं पाणी प्याले.